पट्टी सांगेल झोपेचा हिशेब

तुमच्या दप्तरातील ३० सेंटिमीटरची पट्टी रेघा मारण्यासाठी असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण याच पट्टीने सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतचा काळ मोजता येतो. इतकेच काय, तुमचे शरीर व मेंदू आज किती तत्पर आहेत, याचाही अंदाज तिच्यावरून घेता येतो.

परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच हिशेब मांडला जातो. दिवसाचे तास चोवीस. त्यांत शाळा, शिकवणी, जेवणखाण, जाणे-येणे. मग अभ्यासाला जादा वेळ काढायचा कशातून? सोपे उत्तर म्हणजे झोपेतून! रात्री बारा-साडेबारापर्यंत जागायचे आणि पहाटे पाचला गजर लावायचा. 'झोप काय, परीक्षा संपल्यावर काढू' असे म्हणायचे. हा हिशेब बरोबर आहे की त्यात एखादी बाब मांडायचीच राहून गेली आहे, हे आपल्याला या लेखात तपासायचे आहे. त्यासाठी आधी एक प्रयोग करू.

पडती पट्टी पकडा

एका मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या. खुर्चीवर बसा आणि हाताचा कोपरापुढचा भाग टेबलावर टेकवा. पंजा मात्र टेबलाच्या कडेबाहेर राहू द्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यात सुमारे दोन सेंटिमीटरची फट ठेवा. आता मित्राने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. पट्टीचे शून्य खाली असावे आणि ते तुमच्या अंगठ्याच्या वरच्या कडेशी यावे. पट्टीला तुमच्या बोटांचा स्पर्श होता कामा नये.

मित्राने काहीही न बोलता पट्टी सोडायची. कधी दोन सेकंदांनी, कधी पाच सेकंदांनी, म्हणजे तुम्हांला आधी अंदाज येणार नाही. पट्टी सुटलेली दिसताच तुम्ही ती चिमटीत पकडायची. अंगठ्याच्या वरच्या कडेशी जो आकडा येईल, तेवढे सेंटिमीटर पट्टी खाली पडली.

आता पट्टी पडायला किती वेळ लागला, ते काढू. विराम अवस्थेतून सुटलेल्या वस्तूसाठी गॅलिलिओपासून चालत आलेले सूत्र तुम्ही शिकला असाल, किंवा लवकरच शिकाल:

अंतर = १/२ × गुरुत्वत्वरण × वेळ × वेळ

गुरुत्वत्वरण म्हणजे दर सेकंदाला ९८० सेंटिमीटर प्रतिसेकंद इतकी वेगातील वाढ. समजा, पट्टी २० सेंटिमीटरवर पकडली. अंतराची दुप्पट म्हणजे ४०. तिला ९८० ने भागले की ०.०४०८ येतात. याचे वर्गमूळ ०.२०२. म्हणजेच तुम्हांला पट्टी पकडायला सुमारे एकपंचमांश सेकंद लागला. प्रत्येक वेळी गणित करावे लागू नये म्हणून हा तक्ता वहीत उतरवून घ्या.

५ सेंटिमीटर: ०.१०१ सेकंद
१० सेंटिमीटर: ०.१४३ सेकंद
१५ सेंटिमीटर: ०.१७५ सेकंद
२० सेंटिमीटर: ०.२०२ सेकंद
२५ सेंटिमीटर: ०.२२६ सेकंद
३० सेंटिमीटर: ०.२४७ सेकंद

या वेळेला 'प्रतिक्रियाकाळ' म्हणतात. एखादी गोष्ट दिसल्यापासून तिला अनुसरून हालचाल होईपर्यंत गेलेला हा काळ आहे.

एकपंचमांश सेकंदात काय घडते?

पट्टी हलली. तिच्यावरून आलेला प्रकाश तुमच्या डोळ्यांतील दृष्टिपटलावर पडला. तेथे त्याचे विद्युत् संदेशात रूपांतर झाले. तो संदेश मेंदूच्या मागील भागात, म्हणजे दृष्टिकेंद्रात पोचला. 'पट्टी सुटली' हे मेंदूला उमगले, 'पकड' असा निर्णय झाला आणि आज्ञा मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूंकडे निघाली. स्नायू आकसले आणि चिमूट मिटली.

यांतील सर्वांत जास्त वेळ कशात जातो? तुम्ही म्हणाल, डोक्यापासून बोटापर्यंतच्या प्रवासात. तर हे ताडून पाहू. १८५० मध्ये हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजला. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा असावा, अशी समजूत होती. प्रत्यक्षात तो सेकंदाला सुमारे ३० मीटर निघाला, म्हणजे एखाद्या एक्सप्रेस गाडीइतका! माणसाच्या हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत हा वेग सेकंदाला ५० ते ६० मीटर असतो. मेंदूपासून बोटापर्यंतचे अंतर एक मीटर धरले, तर त्या प्रवासाला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ सेकंद पुरतो. एकूण ०.२ सेकंदांपैकी हा फक्त दहावा हिस्सा झाला.

बाकीचा बहुतेक वेळ जातो तो दृष्टिपटल, मेंदू आणि स्नायू यांच्या कामात. मज्जातंतूंची लांबी रोज बदलत नाही. मेंदूची तत्परता मात्र रोजच काय, दर तासाला बदलते. म्हणूनच पट्टीवरचा आकडा कधी १६ येतो, तर कधी २४.

पाच-सात सेंटिमीटरने असे काय बिघडते, असे वाटेल. क्रिकेटचे उदाहरण घ्या. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर त्याला फलंदाजापर्यंत सुमारे १७.७ मीटर अंतर काटायचे असते. वाटेत वेग थोडा घटतो, हे सोडून दिले तर त्याला ०.४५ सेकंद लागतात. प्रतिक्रियाकाळ ०.२० सेकंद असेल, तर बॅट फिरवायला ०.२५ सेकंद उरतात. तोच ०.२५ झाला, तर उरतात फक्त ०.२०. खो-खोतला धावणारा, कबड्डीतला पकड करणारा, रस्ता ओलांडणारी सायकलस्वार मुलगी, या सर्वांना हा हिशेब लागू आहे.

झोप कमी झाली की

प्रतिक्रियाकाळ वाढवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत: आजारपण, थकवा, भूक, दुसरीकडे लागलेले लक्ष. पण जी गोष्ट जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत घडते, ती म्हणजे अपुरी झोप. तिच्यावर झालेला एक प्रयोग नीट समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४८ निरोगी प्रौढांवर केलेला हा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना रोज ८ तास, काहींना ६ तास, तर काहींना ४ तास झोपण्याची मुभा दिली गेली, आणि असे सलग १४ दिवस चालले. आणखी एका गटाला तीन रात्री मुळीच झोपू दिले नाही. रोज दिवसातून अनेकदा त्यांची चाचणी घेतली जाई. समोरच्या छोट्या पडद्यावर अंक दिसू लागताच बटण दाबायचे, अशी ती चाचणी. अंक केव्हा दिसेल ते आधी कळत नसे. तुमची पट्टी आणि ही चाचणी या एकाच कुळातल्या आहेत.

या चाचणीत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला, तर ती 'चूक' धरली जाते. अर्धा सेकंद म्हणजे किती? वरच्या सूत्रात घालून पाहा. तेवढ्या वेळात पट्टी १२२ सेंटिमीटर खाली जाईल. म्हणजे ती हातातून निसटून जमिनीवर पडलेली असेल, आणि तुमची बोटे अजून मिटतच असतील!

८ तास झोपणाऱ्यांच्या चुका फारशा वाढल्या नाहीत. ६ तास आणि ४ तास झोपणाऱ्यांच्या चुका मात्र दिवसागणिक वाढत गेल्या. रोज सहा किंवा त्याहून कमी तास झोप घेणाऱ्यांची दोन आठवड्यांनंतरची कामगिरी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांसारखी झाली.

आता या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा भाग ऐका. 'तुम्हांला किती पेंगुळल्यासारखे वाटते?' असेही त्यांना वेळोवेळी विचारले जात होते. पहिल्या काही दिवसांत त्यांनी पेंग वाढल्याचे सांगितले. पुढे मात्र त्यांची उत्तरे जवळजवळ तशीच राहिली. चुका वाढतच होत्या, पण त्यांना वाटत होते की आता सवय झाली. सवय झाली होती ती पेंगण्याची. मेंदूची कामगिरी काही सावरली नव्हती.

'मला सहा तास झोप पुरते, मला काही होत नाही' असे म्हणणारे आपल्या आसपास पुष्कळ असतात. ते खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच तसे वाटते. पण ज्या मेंदूची झोप अपुरी आहे, त्याच मेंदूला त्याच्या प्रकृतीविषयी विचारून काय उपयोग? बिघडलेल्या घड्याळाने स्वतःचीच चूक तपासावी, तसे ते होईल. पदार्थविज्ञानाचा पहिला धडा येथे उपयोगी पडतो: वाटण्यावर जाऊ नका, मोजा.

दुसरा एक निष्कर्ष रस्त्याशी संबंधित आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन व कॅथरिन रीड यांनी असे दाखवले की सलग १७ तास जागलेल्या प्रौढ माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतका घसरतो. आपल्या देशात मोटार वाहन कायद्याने चालकाच्या रक्तासाठी ठरवलेली मर्यादा १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री अकराला पुरे होतात. त्यापुढे गाडी हाकणाऱ्याने दारूला स्पर्शही केलेला नसला, तरी रस्ता ते ओळखत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. तीन सेकंदांची एक डुलकी म्हणजे डोळे मिटून ५० मीटर प्रवास! रात्रीच्या प्रवासाला निघताना घरातील मोठ्यांना हे गणित तुम्ही अवश्य सांगा.

झोपेत मेंदू काय करतो?

झोप म्हणजे मेंदूला टाळे, असे पूर्वी बहुतेकांना वाटे. तसे असते, तर झोपेतून वेळ काढण्यात मोठे नुकसान नव्हते. पण मेंदू झोपेत बंद होत नाही. आपल्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. ती साधारण २० वॉट, म्हणजे एका लहान दिव्याइतकी भरते. गाढ झोपेत ही ज्योत थोडी मंदावते, विझत मात्र नाही.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की व नॅथानियल क्लाइटमन यांनी झोपेचा एक वेगळाच प्रकार जगापुढे आणला. झोपेच्या काही काळात मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे वेगाने फिरू लागतात, आणि या काळात जागे केल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो. त्या वेळी मेंदूचा विद्युत् आलेखही जागेपणासारखा दिसतो. गाढ झोप आणि ही 'चपळ नेत्रांची' झोप रात्रभर आळीपाळीने येत राहतात. एक फेरी साधारण ९० मिनिटांची असते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात, तर चपळ नेत्रांच्या झोपेचा मोठा वाटा पहाटेच्या सुमारास येतो. आठाऐवजी पाचच तास झोपलात, तर प्रत्येक प्रकारातून सारखी कपात होत नाही. पहाटेची झोप जवळजवळ सगळीच गमावली जाते.

मग याचा अभ्यासाशी काय संबंध? १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा वेग मोजला. अर्थ लागून पाठांतर सोपे होऊ नये, म्हणून त्याने निरर्थक अक्षरगट घेतले. मराठीत 'ढिक, झुप, लेठ' असे काही म्हणता येईल. १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स व डॅलेनबाख यांनी हीच रीत पुढे नेली. दोन विद्यार्थ्यांनी दहा-दहा अक्षरगटांच्या याद्या पाठ केल्या. कधी पाठ करून ते झोपी जात, कधी दिवसाच्या कामाला लागत. आठ तास जागेपणी गेले, तर दहांपैकी सरासरी एखादाच गट आठवे. तेच आठ तास झोपेत गेले, तर निम्म्याच्या आसपास आठवत. पाठांतर तेवढेच, मधला वेळही तेवढाच. फरक फक्त झोपेचा.

दोनच विद्यार्थ्यांवरून नियम सांगता येत नाही, हे खरे. पण नंतरच्या काळात अनेकांनी असे प्रयोग केले आणि झोपेमुळे आठवण टिकायला मदत होते, हे पुनःपुन्हा दिसून आले. असे का होते, याचा एक सुगावा १९९४ मध्ये लागला. विल्सन व मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूतील 'हिप्पोकॅम्पस' नावाच्या भागातील पेशींचे संदेश टिपले. जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच पेशी नंतरच्या झोपेतही एकत्र चेतताना आढळल्या. जणू उंदीर झोपेत दिवसाच्या धड्याची उजळणी करीत होता!

आता आपल्या सुरुवातीच्या हिशेबाकडे वळा. रात्री तीन तास जादा अभ्यास केला, ही जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला काय? त्या रात्री वाचलेले पक्के व्हायला मिळालेला वेळ कमी झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष कमी. गणितात चिन्हाची चूक, प्रश्न नीट न वाचणे, आलेले उत्तर न तपासणे. पुढच्या रात्री पुन्हा तेच. घरोघरच्या हिशेबात मांडायची राहून गेलेली बाब ती हीच.

खेळाडूंची गोष्ट

शरीराचे काय? २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. आधी काही आठवडे त्यांनी नेहमीप्रमाणे झोप घेतली. नंतर पाच ते सात आठवडे रोज रात्री किमान दहा तास अंथरुणात राहण्याचे लक्ष्य ठेवले. मैदानातील ठरावीक धाव घ्यायला त्यांना आधी सरासरी १६.२ सेकंद लागत. नंतर १५.५ सेकंद लागू लागले. ठरावीक जागेवरून चेंडू टोपलीत टाकण्याची अचूकताही सुमारे ९ टक्क्यांनी सुधारली.

मात्र या प्रयोगात एक उणीव आहे, ती तुम्ही ओळखायला हवी. तुलनेसाठी नेहमीसारखी झोप घेणारा दुसरा गट ठेवलेला नव्हता. तेव्हा सुधारणेतला काही भाग सरावाचा नसेलच, असे सांगता येत नाही. तरीही झोपेचा शरीराशी संबंध आहे, हे इतर मार्गांनीही कळते. वाढीला लागणारे संप्रेरक शरीरात मोठ्या प्रमाणात सोडले जाते ते गाढ झोपेतच. म्हणजे व्यायामशाळेत केलेल्या मेहनतीचे फळ अंथरुणात पिकते.

शरीरातील घड्याळ

'पण लवकर निजलो तरी झोपच येत नाही!' ही तक्रारही खरी आहे. तिचे कारण शरीरातील घड्याळात आहे. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवून पाहिले. ऊन मिळत नसतानाही पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत. म्हणजे वेळ सांगणारे काहीतरी रोपाच्या आतच होते. माणसातही असे घड्याळ आहे. १९९९ मध्ये काळजीपूर्वक मोजल्यावर त्याचा एक फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा निघाला. माशीसारख्या छोट्या कीटकावर संशोधन करून हे घड्याळ पेशींत कसे चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रोज थोडे मागे पडणारे हे घड्याळ रोज लावावे लागते, आणि ते लावणारा हात म्हणजे प्रकाश. सकाळचा प्रकाश ते पुढे आणतो, रात्रीचा मागे ढकलतो. प्रकाश मोजायचे एकक लक्स. भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स, ढगाळ दिवशी उघड्यावर हजारो लक्स, तर रात्री घरातील दिव्याखाली साधारण शंभर ते तीनशे लक्स प्रकाश असतो. दिवसभर वर्गात आणि शिकवणीत बसायचे, रात्री उशिरापर्यंत दिवा आणि मोबाइलचा निळसर पडदा डोळ्यांसमोर धरायचा, असे केले तर घड्याळाला दिवस कोणता आणि रात्र कोणती हे कळणार कसे? भरीस भर म्हणून वयात येताना हे घड्याळ मुळातच थोडे मागे सरकते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी उठवत नाही, यात सगळाच आळस नसतो.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला, तो मुलांची झोप लक्षात घेऊनच. मोठ्या मुलांच्या झोपेचा प्रश्न मात्र अजून बहुतांशी त्यांच्याच हातात आहे.

मग करायचे काय?

अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तास झोप सुचवली. ती मिळवण्यासाठी काही साध्या सवयी पुरतात.

पहिली सवय म्हणजे उठण्याची वेळ पक्की ठेवणे. रविवारीही ती तासाभराहून जास्त पुढे नेऊ नका.

दुसरी, उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे उघड्यावर जा. अंगण, गच्ची, रस्ता, काहीही चालेल. तेवढ्यात सूर्यनमस्कार किंवा धावणेही होईल. रोजच्या व्यायामाने रात्रीची झोपही चांगली लागते.

तिसरी, निजण्यापूर्वी एक तास मोबाइल दूर ठेवा. पाठांतराचा भाग त्या वेळी कागदी पुस्तकातून करा आणि मग थेट झोपा.

चौथी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य असते, तसे शरीरातील कॅफीनचेही असते. प्रौढांत ते सुमारे पाच तास भरते. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे रात्री अकरालाही शरीरात असते.

पहाटे उठून अभ्यास करणे वाईट का? मुळीच नाही. रात्री नऊला निजणाऱ्याने पहाटे पाचला खुशाल उठावे, त्याचे आठ तास पुरे झाले. अडचण अशी, की आपण उठतो आजोबांच्या वेळेला आणि झोपतो मोबाइलच्या वेळेला. संस्कृत सुभाषितात विद्यार्थ्याचे एक लक्षण 'श्वाननिद्रा' सांगितले आहे. त्याचाही अर्थ नीट घ्यावा. कुत्र्याची झोप सावध असते, पण ती थोडी नसते. दिवसभरात ते किती वेळा मुटकुळे करून पडते, ते पाहाच!

काहींचे घर लहान असते, काहींच्या नळाला पहाटे चारला पाणी येते, काहींना कामही करावे लागते. त्यांना सलग आठ तास मिळणे कठीण. त्यांनी दुपारी वीस मिनिटे वामकुक्षी करावी. तिने रात्रीची भरपाई पूर्ण होत नाही, पण तत्परता बरीच परत येते. घरातल्यांनीही दहानंतर दूरदर्शनचा आवाज बारीक केला, तर अभ्यासाला तो मोठाच हातभार होईल.

पंधरवड्याचा प्रयोग

आता हे सारे माझ्या सांगण्यावरून मानू नका. वही घ्या आणि चौदा दिवसांचा तक्ता आखा. रोज रात्री किती तास झोप झाली ते सकाळी लिहा. रोज एकाच वेळी, समजा शाळेतून आल्यावर, पट्टीचा प्रयोग करा. पहिले तीन झेल सरावाचे म्हणून सोडून द्या. पुढचे दहा नोंदवा. त्यांची सरासरी काढा आणि पट्टी किती वेळा पूर्ण निसटली, तेही वेगळे लिहा. झोप कमी असताना सरासरीपेक्षा निसटण्यांची संख्या अधिक बोलकी असते.

पहिला आठवडा नेहमीसारखे झोपा. दुसऱ्या आठवड्यात रोज नऊ तास अंथरुणात राहा. मुद्दाम जागरण मात्र करू नका. जे कमी आहे ते वाढवून पाहायचे आहे, वाढवलेले कमी करून नव्हे.

एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. चौदा दिवसांत पट्टी पकडण्याचा सराव होणारच. मग सुधारणा झोपेची की सरावाची, हे कसे कळावे? त्यासाठी प्रयोगाआधी चार दिवस नुसता सराव करून घ्या, म्हणजे आकडे स्थिरावतील. आणखी चांगले म्हणजे मित्राने नऊ तासांचा आठवडा आधी आणि नेहमीचा आठवडा नंतर घ्यावा. दोघांचेही आकडे जास्त झोपेच्या आठवड्यात सुधारले, तर त्याचे कारण नुसता सराव नसण्याची शक्यता वाढते. फरक दिसला नाही, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. एका पट्टीने आणि दोन माणसांनी सारे काही सिद्ध होत नाही. पण आपल्याला कशाने बरे वाटते, यापेक्षा आपण प्रत्यक्षात कसे आहोत हे पाहण्याची सवय लागते, आणि ती परीक्षेनंतरही उपयोगी पडते.

विचार करा:

१. एका मुलीने पट्टी १२ सेंटिमीटरवर पकडली. तिचा प्रतिक्रियाकाळ किती?

२. ताशी १८ किलोमीटर वेगाने सायकल चालवणाऱ्याची प्रतिक्रिया अर्ध्या सेकंदाने उशिरा झाली. तेवढ्यात सायकल किती मीटर पुढे जाईल?

३. चंद्रावर गुरुत्वत्वरण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश आहे. तेथे हाच प्रयोग करायचा, तर किती लांब पट्टी न्यावी लागेल?